डॅफोडिल्सची कविता शाळेत वाचली, पण त्या वाटेवर वर्ड्सवर्थ एकटा नव्हता

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात विल्यम वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. बाईंनी ती समजावून सांगताना एक चित्र डोळ्यासमोर उभं केलेलं असतं. एक कवी एकटाच डोंगरदऱ्यांतून भटकतोय, अचानक त्याला तलावाच्या काठी पिवळ्या फुलांचा ताटवा दिसतो आणि तो हरखून जातो. आपल्यापैकी अनेकांनी ते फूल कधी डोळ्यांनी बघितलेलं नसतं, पण परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर मात्र लिहिलेलं असतं.

गंमत अशी आहे की, ज्या दिवशी ती फुलं दिसली त्या दिवशी हा कवी एकटा नव्हताच. त्याच्यासोबत त्याची सख्खी बहीण चालत होती. ती फुलं कशी दिसत होती, वारा कसा होता, पाऊस कधी आला, रात्री जेवायला काय मिळालं, हे सगळं तिने आपल्या डायरीत लिहून ठेवलं होतं. कविता त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी लिहिली गेली. कवितेत बहिणीचा उल्लेखही नाही.

तिचं नाव डोरोथी वर्ड्सवर्थ. ही गोष्ट तिची आहे.

वडिलांच्या घराला पारखी झालेली मुलगी

डोरोथीचा जन्म २५ डिसेंबर १७७१ चा. इंग्लंडच्या उत्तरेला, आज लेक डिस्ट्रिक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाच्या कडेला कॉकरमाउथ नावाचं गाव आहे, तिथला. पाच भावंडांत ती एकटीच मुलगी. विल्यम तिच्यापेक्षा दीड-पावणेदोन वर्षांनी मोठा.

ती सहा वर्षांची असताना आई गेली. वडील लॉर्ड लाउदर नावाच्या बड्या जमीनदाराचं वकिलीचं काम बघायचे. आईविना पाच मुलं सांभाळणं त्यांना जमेना. मुलगे शाळेला गेले आणि डोरोथीची रवानगी दूर हॅलिफॅक्सला, आईच्या चुलत बहिणीकडे झाली. त्यानंतर वडिलांच्या घरात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. ती बारा वर्षांची झाली आणि काही दिवसांतच वडीलही गेले.

वडिलांचे हजारो पौंड त्या जमीनदाराकडे अडकलेले होते. त्याने ते द्यायला साफ नकार दिला. पोरकी झालेली ही पाच भावंडं जवळपास दोन दशकं नातेवाइकांच्या दयेवर राहिली.

नऊ वर्षांनी, १७८७ मध्ये, डोरोथीला आजोळी पेनरिथला आणण्यात आलं. तिथे आजोबांचं कापडाचं दुकान होतं. आजोळ म्हटल्यावर आपल्याला लाड आठवतात, पण इथे उलटं होतं. आजी-आजोबा कडक होते आणि ही मुलं म्हणजे ओझं आहे हे बोलून दाखवलं जायचं. त्या घरात एकच चांगली गोष्ट घडली. तिला तिचे भाऊ परत भेटले. त्यात विल्यमशी तिचं असं काही जुळलं की, कधीतरी आपण दोघं मिळून एक छोटं घर करू, हे तिचं स्वप्न बनलं.

मामीला दिलेलं उत्तर

ते स्वप्न खरं व्हायला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात ती एका पाद्री मामांकडे राहून त्यांची मुलं सांभाळत होती. विल्यम फ्रान्सला जाऊन आला होता. तिथे क्रांती चालू होती, तिथे त्याचं प्रेम जमलं होतं आणि एक मुलगीही झाली होती. मग इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध पेटलं आणि तो मार्ग बंद झाला. त्याच्याकडे नोकरी नव्हती, पैसा नव्हता.

१७९४ मध्ये भाऊ-बहीण फिरायला निघाले. केंडलपासून ग्रासमियरपर्यंत १८ मैल आणि नंतर ग्रासमियरपासून केसविकपर्यंत १५ मैल. म्हणजे एकूण ५० किलोमीटरच्या वर, आणि तेही पायी.

आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळात बऱ्या घरातल्या बाईने घोडागाडीशिवाय लांबचा प्रवास करणं म्हणजे लाज सोडल्यासारखं मानलं जायचं. रस्त्याने पायी जाणारे म्हणजे भिकारी, फेरीवाले नाहीतर मजूर. तिच्या एका मामीने पत्र लिहून तिला चांगलंच फैलावर घेतलं.

२२ वर्षांच्या डोरोथीने शांतपणे पण ठामपणे उत्तर पाठवलं. त्याचा मतितार्थ असा होता की, देवाने पाय दिलेत ते वापरले तर नातेवाइकांनी रागावण्याऐवजी खूश व्हायला हवं. शिवाय गाडीचे पैसेही वाचले.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं ती चालत राहिली.

फिरतात म्हणून मागे गुप्तहेर लागला

१७९५ मध्ये एका मित्राने मरताना विल्यमच्या नावे ९०० पौंड ठेवले आणि भावंडांना पहिल्यांदा एकत्र राहता आलं. आधी डॉर्सेटमध्ये आणि मग १७९७ मध्ये सॉमरसेटला. सॉमरसेटमध्ये शेजारी कोण, तर कवी सॅम्युएल टेलर कोलरिज. हे तिघं मिळून रोज डोंगरात आणि समुद्रकाठी भटकायचे. ऊन असो, पाऊस असो, कधीकधी तर रात्रीसुद्धा.

गावकऱ्यांना याचा संशय आला. उत्तरेकडच्या हेल्यात बोलणारी ही माणसं वह्या घेऊन रात्री-अपरात्री नदी-नाल्यांच्या काठाने का फिरतात? तेव्हा फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरेल अशी भीती सगळीकडे होती. तक्रार थेट लंडनला गेली आणि सरकारने खरोखर एक हेर पाठवून यांच्यावर पाळत ठेवली. त्याला अर्थातच काही सापडलं नाही. फिरून झालं की ही मंडळी कविता लिहायची, एवढाच काय तो कट.

त्याच फिरण्यातून १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ हे पुस्तक आलं. इंग्रजी कवितेतलं एक नवं युग तिथून सुरू झालं असं मानतात. कव्हरवर कुणाचंच नाव नव्हतं, पण आत कविता दोघांच्या होत्या, विल्यमच्या आणि कोलरिजच्या. डोरोथीने त्याच वर्षी जानेवारीत डायरी लिहायला सुरुवात केली होती.

ग्रासमियरचं घर

१७९९ च्या डिसेंबरात, बर्फ पडलेलं असताना, बरीचशी वाट पायी तुडवत दोघं ग्रासमियरला पोहोचले. गावाच्या कडेला एक जुनी सराई होती, ती त्यांनी भाड्याने घेतली. आज ती डव्ह कॉटेज म्हणून जगप्रसिद्ध आहे.

डोरोथीला हवं होतं ते घर वयाच्या २८ व्या वर्षी मिळालं. ती पाव भाजायची, कपडे धुवायची, बागेत शेंगांचे वेल लावायची, विल्यमच्या कवितांच्या स्वच्छ प्रती काढायची आणि पत्रं आणायला कित्येक मैल चालत अँबलसाइडला जायची.

१८०० च्या मे महिन्यात विल्यम काही दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा तिने पुन्हा वही उघडली. उद्देश साधा होता. तो परत आल्यावर त्याला वाचून बरं वाटावं, बस्स.

या डायऱ्यांची खासियत म्हणजे त्यात निसर्ग आणि माणसं शेजारी-शेजारी आहेत. चंद्र कसा उगवला हे लिहिता लिहिता दारात आलेल्या भिकारणीच्या टोपीचा रंग येतो. युद्धावरून परतलेले शिपाई येतात, पोरंबाळं घेऊन भटकणाऱ्या बाया येतात. सुंदर दिसणाऱ्या त्या खेड्यांमध्ये तेव्हा किती गरिबी होती, हे तिच्या वह्यांमधून कळतं.

आणि विल्यम त्या वह्या वाचायचा. रस्त्यात भेटलेल्या एका म्हाताऱ्याचं वर्णन तिने १८०० मध्ये लिहिलं होतं. तो डॉक्टरांना विकण्यासाठी डबक्यांतून जळवा गोळा करायचा. त्यावर विल्यमने १८०२ मध्ये त्याची एक गाजलेली कविता रचली. एकदा तर भिकारी पोरांविषयी तिने लिहिलेलं टिपण तिने त्याला वाचून दाखवलं आणि पंचाईत झाली. त्याला त्याच विषयावर कविता करायची होती, पण तिचे शब्द डोक्यातून जाईनात. हेसुद्धा तिनेच डायरीत नोंदवून ठेवलंय.

१५ एप्रिल १८०२

आता त्या दिवसाकडे येऊ.

भावंडं अल्सवॉटर या तलावाच्या उत्तर टोकाला, मित्र थॉमस क्लार्कसन यांच्या घरी मुक्कामाला होती. हे तेच क्लार्कसन, ज्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडभर मोहीम चालवली. विल्यम नुकताच आपल्या होणाऱ्या बायकोला, मेरी हचिन्सनला भेटून आला होता. लग्न ठरलं होतं. म्हणजे फक्त दोघांचं असं जे घर होतं, त्याचे दिवस आता संपत आले होते. दोघांनाही ते माहीत होतं.

दुपारचं जेवण उरकून दोघं घरी जायला निघाले. अल्सवॉटर साधारण १२ किलोमीटर लांब, डोंगरांच्या मधून वळणं घेत गेलेला तलाव. त्याच्या काठाने दक्षिणेला पॅटरडेल गाव गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून ग्रासमियर, असा बेत.

हवेत धुकं होतं आणि वारा भयानक. सोबत निघालेल्या क्लार्कसनबाई थोड्याच अंतरावरून परत फिरल्या. वाऱ्याने श्वास कोंडायला लागला, तलाव खवळलेला. एक झुडूप बघून दोघं आडोशाला बसले, पुन्हा उठले, पुन्हा थांबले. शेतात नांगर चालू होता. एक होडी एकटीच पाण्यात डोलत होती. डोरोथी चालता चालता कुंपणाच्या कडेची रानफुलं मोजत होती.

गोबॅरोच्या जंगलापुढे गेल्यावर पाण्याजवळ त्यांना थोडी डॅफोडिल्स दिसली. बागेतली मोठी, भडक नाही, तर रानातली. आकाराने लहान आणि रंगाने फिकट. आधी वाटलं, तलावातून बी वाहत आलं असेल आणि चार रोपं रुजली असतील. पण पुढे ती वाढतच गेली. झाडांच्या खाली, किनाऱ्याला धरून, एखाद्या रस्त्याच्या रुंदीएवढा लांबच लांब पट्टा.

आणि इथे डोरोथीची नजर कळते. तिने नुसतं फुलं सुंदर होती असं लिहिलं नाही. शेवाळलेल्या दगडांवर काही फुलं दमून डोकं टेकून पडली आहेत आणि बाकीची वाऱ्यासोबत नाचत, हसत आहेत, असं तिला दिसलं. मुख्य ताटव्यापासून लांब राहिलेली काही चुकार फुलंसुद्धा तिच्या नजरेतून सुटली नाहीत.

मग पाऊस आला. चिंब भिजून दोघं पॅटरडेलच्या सराईत पोहोचले. मालकीणबाई जरा आंबट चेहऱ्याच्याच होत्या, पण जेवण चांगलं मिळालं. हॅम आणि बटाटे. विल्यमने खिडकीतल्या पुस्तकांमधून वाचायला काहीतरी शोधून काढलं. दोघांनी गरम पाण्यातली रम घेतली आणि मेरी इथे असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. निघताना बिल भरलं ७ शिलिंग. हेही डायरीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्यम वाटेतल्या एका पुलावर कविता लिहीत बसला, तर डोरोथी एकटीच तलावाकाठी चक्कर मारून आली. मग कर्कस्टोनची खिंड चढून, अँबलसाइडमार्गे, संध्याकाळ उलटल्यावर ते घरी पोहोचले.

अंगठी

त्याच वर्षी तो जमीनदार मेला आणि त्याच्या वारसाने वडिलांचे अडकलेले पैसे द्यायचं कबूल केलं. लग्नाचा मार्ग मोकळा झाला. ऑगस्टमध्ये युद्ध थोडं थांबलं होतं तेव्हा विल्यम आणि डोरोथी फ्रान्समधल्या कॅले गावी जाऊन त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला भेटून आले.

४ ऑक्टोबर १८०२ ला यॉर्कशरमधल्या ब्रॉम्प्टनला लग्न लागलं. आदल्या रात्री नवरीची अंगठी डोरोथीने स्वतःच्या बोटात घातली होती. सकाळी ती विल्यमला परत दिली, पण चर्चला जायची हिंमत तिला झाली नाही. वरच्या खोलीत ती पलंगावर पडून राहिली. डायरीतल्या अंगठीच्या ओळींवर नंतर कुणीतरी शाई फिरवली होती. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्या पुन्हा वाचून काढल्या.

मेरी ही डोरोथीची जुनी मैत्रीण. त्यामुळे भांडणं वगैरे काही झालं नाही. उलट तिघं आयुष्यभर एकाच घरात राहिले. डोरोथीने लग्न केलं नाही, भावाची पाच मुलं स्वतःची समजून वाढवली. मात्र जानेवारी १८०३ मध्ये ग्रासमियरची डायरी थांबली.

मग कविता आली

डॅफोडिल्सची कविता विल्यमने १८०४ च्या सुमारास लिहिली. १८०७ मध्ये ती छापून आली तेव्हा तिला तीनच कडवी होती, चौथं १८१५ मध्ये जोडलं गेलं. नाचणारी फुलं आली, वारा आला, तलाव आला. पाऊस गेला, ७ शिलिंग गेले आणि बहीणही गेली.

अजून एक गोष्ट. कवितेच्या शेवटी, मनाच्या आतल्या डोळ्यांनी ती फुलं पुन्हा बघण्याविषयी ज्या दोन ओळी आहेत, त्या मेरीने सुचवलेल्या. आणि त्या कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी आहेत हे स्वतः विल्यमनेच सांगितलंय.

मग हे सरळ सरळ चोरी म्हणायचं का?

तर तसं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षांनंतर एखादं दृश्य एकांतात मनात परत उजळतं आणि माणसाला आधार देतं, हा जो विचार त्या कवितेचा जीव आहे, तो विल्यमचा. लयही त्याची. कवितेला एकटेपणाची गरज होती म्हणून त्याने बहिणीला बाहेर ठेवलं असं बरेच अभ्यासक मानतात. शिवाय आपल्याला बघायला आणि ऐकायला बहिणीने शिकवलं, हे त्याने दुसऱ्या एका कवितेत उघडपणे मान्य केलंय.

पण हे एकदाच झालं नाही, हेही खरं.

इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर

७ ऑक्टोबर १८१८ ला, ४६ वर्षांची डोरोथी मेरी बार्कर नावाच्या मैत्रिणीसोबत स्कॅफेल पाइकवर चढली. ९७८ मीटर उंचीचं हे इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर. सोबत वाट दाखवायला एक मेंढपाळ होता. बायकांनी हे शिखर चढल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. वर इतकी शांतता होती की कुठून पाण्याचा आवाजही येत नव्हता. लांब समुद्रात त्यांना जहाज दिसलं, मैत्रिणीनेही जहाजच म्हणून सांगितलं. बघता बघता त्याचा आकार बदलला तेव्हा कळलं, तो तर ढग आहे.

तिने हे सगळं एका पत्रात लिहिलं. विल्यमचं लेक डिस्ट्रिक्टवरचं गाइडबुक तेव्हा जोरात होतं. १८२२ च्या आवृत्तीत हे वर्णन थोडे फेरफार करून छापलं गेलं. डोरोथीचं नाव कुठेच नव्हतं. वाचणाऱ्यांनी साहजिकच समजून घेतलं की शिखरावर चढले ते कविराज.

तिला नाव नकोच होतं?

१८०८ च्या मार्चमध्ये ग्रासमियरजवळ एक शेतकरी जोडपं, जॉर्ज आणि सेरा ग्रीन, लिलावावरून परतताना डोंगरावर बर्फात अडकून मेलं. मागे आठ मुलं. आई-बाबा आत्ता येतील म्हणत अकरा वर्षांची जेन घरातल्या लहान भावंडांना सांभाळत राहिली होती. वर्ड्सवर्थ कुटुंबाने मुलांसाठी वर्गणी गोळा केली, ५०० पौंडांहून जास्त रक्कम जमली. डोरोथीने या घटनेची सविस्तर हकिगत लिहिली.

सगळे म्हणाले, छाप. ती नाही म्हणाली. ही मुलं जिवंत आहेत, त्यांचं दुःख चारचौघांत मांडायचं नाही, हे एक कारण. आणि लेखिका म्हणून मिरवणं आपल्याला अजिबात आवडणार नाही, हे दुसरं. ती हकिगत १९३६ मध्ये छापली गेली.

आता हा तिचा खरा स्वभाव होता की त्या काळाने बायकांना शिकवलेला संकोच, याचं उत्तर आज कुणीच ठामपणे देऊ शकत नाही.

पाय थांबले

त्यांच्या एका लेखक मित्राने, थॉमस डी क्विन्सीने, हिशोब मांडला होता की विल्यम आयुष्यात पावणेदोन लाख मैलांच्या वर चालला असेल. डोरोथीचा हिशोब कुणी मांडला नाही. पण उन्हाने रापलेला तिचा चेहरा त्याच डी क्विन्सीने लिहून ठेवलाय. त्या काळच्या बायकांत असा चेहरा दुर्मिळ होता.

१८२९ मध्ये ती गंभीर आजारी पडली. १८३५ नंतर स्मृती आणि मन दोन्ही ढासळत गेलं. आज लक्षणं वाचून काही डॉक्टर त्याला डिमेन्शियासारखा आजार म्हणतात. रायडल माउंट या घरात पुढची वीस वर्षं ती जवळपास खोलीतच राहिली. जी बाई वादळात १५ किलोमीटर सहज चालायची, तिला चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरवावं लागायचं. जुन्या कविता मात्र तिला पाठ होत्या, त्या ती म्हणायची.

१८५० मध्ये विल्यम गेला. तिचा सांभाळ मेरीने केला. २५ जानेवारी १८५५ ला डोरोथीचं निधन झालं. ग्रासमियरच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे, विल्यम आणि मेरीच्या जवळच.

तिच्या डायऱ्या १८९७ मध्ये पुस्तकरूपात आल्या, पण संपादकाने त्यातले बरेच घरगुती तपशील क्षुल्लक समजून गाळले. जास्त पूर्ण आवृत्ती यायला १९४१ साल उजाडलं. या डायऱ्यांमुळे लोकांनी कविता आणि डायरी शेजारी ठेवून वाचली आणि त्या वाटेवर दोन माणसं होती हे कळलं.

आजही ती वाट तिथे आहे. १९०६ मध्ये लोकांनी वर्गणी काढून गोबॅरोची जमीन विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली, म्हणून तिथे बंगले उभे राहिले नाहीत. एप्रिलच्या आसपास अल्सवॉटरच्या काठी रानातली डॅफोडिल्स अजून फुलतात. जगभरातले लोक वर्ड्सवर्थची फुलं बघायला म्हणून तिथे येतात.

आणि एका अर्थाने ते बरोबरच म्हणतात. कारण वर्ड्सवर्थ हे डोरोथीचंही आडनाव होतं.